तेवीस-आठ

नागदेवी स्ट्रीटच्या मागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर
मुस्तनसिरचं दुकान.
भिंतीवर खिळ्यांना पंखे टांगलेले,
सराफाकडे साखळ्या असतात तसे.
मी सांगतो: पंचावन्न सीसी, पेट्रोल, टू-स्ट्रोक.
विमान आठ किलो आठशे, टाकी रिकामी असताना.
तो दोन काढून काउंटरवर ठेवतो.
बावीस-दहा. तेवीस-आठ.
"बोला शिरसेकर, धावायचंय की चढायचंय?"

पहिला आकडा लांबी.
दुसरा म्हणजे एका फेऱ्यात किती इंच पुढे,
तेही हवा साबणाच्या वडीसारखी घट्ट असती तर.
चौतीस वर्षं मी लेथवर आटे पाडले.
बोल्ट एक फेरा फिरला की एक आटा पुढे,
त्यात घासाघीस नाही.
हवा हा असा नट
ज्यात कुणी टॅप घातलेलाच नाही.
पातं चावा घेतं, अर्धा घास निसटतो.
दहा लिहिलेत, सात मिळाले तरी पुष्कळ.
मे महिन्यात त्याहून कमी.
दमट हवा जड, असं सगळे म्हणतात.
पंख्याला विचारा.
दमट हवा हलकी. हाती लागत नाही.

पस्तिशीत असतो तर विचारलंही नसतं,
दहा उचलला असता:
सुसाट, डोक्यावरून, पोरांनी माना वळवाव्यात.
तेव्हा पट्टीही तशी होती,
मिठागराच्या बांधापलीकडे एकशे साठ पावलं.
परवा पुन्हा मोजली. ब्याऐंशी.
एका टोकाला पत्र्याचं कुंपण,
त्यावर निळ्या तलावात पोहणारं कुटुंब
आणि बत्तीस मजल्यांचं वचन.
दुसऱ्या टोकाला तिवरं.
तिवरांत गेलेलं विमान
ओहोटीशिवाय कुणी परत देत नाही.

म्हणजे चढायचंय.
मोठा घेर, बारीक आटा,
कसाऱ्याला ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढतो तसं.
फेरे कमी, म्हणून किंचाळणंही कमी.
सोळाव्या मजल्यावरच्या बाईंनी
गेल्या रविवारी वॉचमन पाठवला होता, शिट्टीसकट.
पण शेपूट उचललं की
तेवीसचं टोक जमिनीपासून साडेतीन बोटं.
एक खडा पुरे.
झाडू न्यायचा. पट्टी आधी झाडून घ्यायची.

ऋता म्हणाली होती, कार्बनचा घ्या बाबा, पैसे मी देते.
लाकडाचाच घेतला.
लाकूड आपटलं की आपण तुटतं आणि गप्प बसतं.
कार्बन आपटला की क्रँकशाफ्टपर्यंत निरोप पोचवतो.
बोटापर्यंतही.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात,
ते मी एकोणनव्वद साली शब्दशः केलंय:
डावा हात, अंगठ्याशेजारचं बोट, वरचं पेर.
तोही पंखा लाकडाचाच होता.
लाकूड दयाळू असतं, असं मी म्हटलेलं नाही.

घरी आलो. पोलादी सळई,
दोन ब्लेडांच्या धारेवर आडवी, मधोमध पंखा.
डावं पातं खाली गेलं.
उलटा केला. तेच पातं खाली.
जड बाजू मी घासत नाही,
कुणीतरी आकार देऊन ठेवलाय, त्याला रंधा कशाला.
हलक्या बाजूला वार्निशचा हात.
वार्निश सुकून दगड झालेलं.
ऋताचं नेलपॉलिश मिळालं, पारदर्शक,
बाटलीत तळाशी.
एक थर. थांबा. दुसरा, फक्त टोकाला.

पंख्यासाठी पंखा बंद.
छताचा फिरत असताना हा स्थिर कसा राहणार?
खिडक्याही लावल्या. दुपारचे अडीच.
घाम कोपरावरून टेबलावर.
शेजारच्या गुप्तेबाईंनी बेल वाजवली,
दार उघडलं तेवढ्याने
पातं केसभर हललं
आणि पुन्हा आडवं.

"झालं?" ऋताने विचारलं.
बोलू नकोस, म्हटलं.
ती तशीच उभी, श्वास धरून,
माझ्या अर्ध्या बोटाकडे बघत,
लहानपणी बघायची तसं.

रविवारी जाड हातमोजा आण, म्हटलं.
तुझ्या मापाचा.