नऊशे बारा

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मेंढ्यांना टोचतो,
विणीच्या चार आठवडे आधी.
नऊशे बारा. अरुंद गल्लीत कोंबून
मानेच्या कातडीला चिमटा, सुई, दाब, पुढची.
मागून रुअरी कपाळावर निळा फवारा मारत येतो,
एकीला दोनदा नको, एकही सुटायला नको.
सुई आईला, उपयोग कोकराला:
पहिल्या चिकातून ते त्याच्या पोटात उतरतं.
सोळाव्या वर्षापासून हे माझं काम.
एकाही मेंढीला मी कधी विचारलं नाही.

यंदा मला कळपात जायची मनाई.
यंदा मी लांब, फाटकापाशी,
सहावा महिना, हातात मोजायचं यंत्र.

आणि फ्रिजवर, ट्राउट माशाच्या चुंबकाखाली,
मेरेआनाने दिलेला कागद.
डांग्या खोकला. फ्लू.
तारखेची जागा तीन आठवडे कोरी.

रुअरी म्हणतो, तू ठरव, अंग तुझं.
चांगला आहे तो.
पण हे म्हणजे फाटक उघडून द्यायचं
आणि आपण कुंपणापलीकडे उभं राहायचं.
नणंद मोराग पाठवत राहते
कुणाच्या मावसबहिणीला कुठे काय झालं ते.
मी वाचत नाही, असं सांगते.
वाचते. लोकरीच्या शेडमध्ये, हातमोजा दातानं ओढून.

गेल्या वर्षी अकराव्या आठवड्यात जे गेलं
त्याला कारण नव्हतं.
डॉक्टर म्हणाले, तुम्ही काही केलं म्हणून नाही,
केलं नाही म्हणूनही नाही.
तेव्हापासून मी काहीच करत नाही.
मऊ चीज नाही, कॉफी नाही, केसांना रंग नाही,
पाळण्याचे स्क्रूसुद्धा पिशवीतच.
न करण्यात मी पटाईत झाले आहे.
ही एकच गोष्ट, जी करायची आहे.

मेरेआना आली मंगळवारी,
चिखलानं गाडीचा नंबर झाकलेला.
पोट मोजलं, ठोके ऐकवले, चहा घेतला.
मी विचारलं, तू घेतली होतीस?
घेतली, म्हणाली, तिन्ही खेपेला.
पण तुला ते विचारायचं नाहीये.

मग मी विचारलं,
तो खोकला कसा ऐकू येतो, बाळाचा?

तिनं कप खाली ठेवला.
मोठ्यांचा ऐकू येतो, म्हणाली.
इतक्या लहानांना कधी कधी
खोकलाच येत नाही.
ती नुसती श्वास घ्यायची थांबतात.

पुढे काही बोलली नाही.
कुत्र्यासाठी एक बिस्किट उचललं आणि गेली.

गुरुवारी तुआतापेरेला गेले. एकटी.
नर्सनं विचारलं, कोणता हात?
डावा. उजव्यानं फाटकाची कडी काढते मी.
माझ्यापेक्षा हलका हात होता तिचा.
मोठ्यांच्या पट्ट्या संपल्या होत्या,
म्हणून दंडावर डायनोसॉर.
वीस मिनिटं बसा, म्हणाली.
बसले. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता.
काही झालं तर हो म्हणणारी मी,
नसती घेतली तर नाही म्हणणारीही मीच;
दोन्हीकडून सुटका नव्हती, हे तिथं कळलं,
आणि कळून फार बरं वाटलं असंही नाही.

घरी रुअरीनं डायनोसॉर पाहिला,
निळ्या फवाऱ्याचा डबा माझ्या कपाळावर रोखला.
मी हसले. मग हसता हसता रडले,
आणि कुत्रा आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

रात्री दंड ठणकत होता.
डाव्या कुशीवर झोपायचं असतं म्हणे,
म्हणून त्याच दंडावर झोपले.

बाहेर काळोखात एक मेंढी खोकली,
अगदी माणसासारखी.
मी पुढच्या खोकल्याची वाट पाहत पडले,
मग त्याच्या पुढच्या.