ली

स्लोचं स्लोली, काइंडचं काइंडली,
फळ्यावर मी शेपट्या जोडत जाते.
माझगावच्या पालिका शाळेत, सातवी ब.
दिवसा जिथे बारा वर्षांची पोरं बसतात
त्या बाकावर रात्री पावणेआठला
मोरेश्वर तांडेल गुडघे आडवे करून बसतात.

विशेषण नामाला बिलगून असतं, मी सांगते,
क्रियाविशेषण क्रियेच्या मागून चालतं.
आपलं 'हळू' कुठेही ठेवा, हळूच राहतं.
इंग्रजीत शब्द कामावर निघाला
की त्याला गणवेश चढवायचा.

तांडेल सगळं उतरवून घेतात.
गोदीत वेल्डर. मनगटावर ठिणग्यांचे तीळ,
पेन धरतात ते इलेक्ट्रोड धरल्यासारखं.

आज त्यांनी अर्ज आणला, सुपरवायझरच्या जागेचा.
आय हॅव वर्क्ड हार्डली फॉर नाइन्टीन इयर्स.

नियमाला धरून. माझ्याच नियमाला.

हार्डला गणवेश नसतो, मी म्हटलं,
तो कामावरही घरच्याच कपड्यांत जातो.
ली लावलं की अर्थ होतो जेमतेम,
म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही
कामाला हात लावला, न लावला.

ते फळ्याकडे बघत राहिले.
वर ट्यूब फडफडत होती.
"गेल्या साली पण असंच लिवलेलं, बाई.
तरीच हसला तो हापिसातला."

अपवाद मी पुढच्या धड्यासाठी ठेवले होते.
त्या धड्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही,
मार्च आला.

"आणि याचं नाम?" त्यांनीच विचारलं.
हार्डनेस. पण तो लोखंडाचा.
माणसाचं असेल तर हार्डशिप.
"शिप?"
हो, पण त्यात जहाज नाही.
"तुम्हाला दिसत नसंल," ते म्हणाले,
"आम्ही खालनं बघतो."

मग एल आणि वाय खोडले,
इतके दाबून की कागद फाटला.
"जाऊ द्या. उद्या दुसरा फॉर्म आणतो."

साडेनऊला शिपाई किल्ल्या वाजवत आला.
मी फळा पुसला.
वरच्या कोपऱ्यात काइंडली तेवढं राहिलं,
हात पोचेना.