सहा तास

केमीत डिसेंबरचा सूर्य
अकरानंतर उगवतो, दोनच्या आत जातो,
दारातूनच हाक मारून पुढे निघालेल्या पोस्टमनसारखा.

म्हणून आमच्या घरी माशांच्या टाकीवरचा दिवा
पहाटे सहाला लागायचा, रात्री नऊला विझायचा.
आइला त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची,
विणकाम मांडीवर, सुया थांबलेल्या.
डॉक्टर म्हणाले होते, हिवाळ्यात हिला उजेड द्या.
मी दिला. हात आखडता घेतला नाही.

शेवाळालाही तो मिळाला.

आधी काचेवर हिरवी धूळ,
मग पातीपातीला केस फुटले,
मग लाकडाच्या ओंडक्यावर काळी दाढी,
आमच्या रात्रपाळीच्या फोरमनला होती तशी, दाट, चिवट.
ओढली तर पान तुटे, दाढी सुटेना.

कागदाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढली मी.
लगद्यात बुळबुळ धरली की रसायन ओतायचं
आणि मोकळं व्हायचं.
तोच हिशेब घेऊन दुकानात गेलो:
एक बाटली दे. जालीम.

सातूने बाटली दिली नाही.
बावीस-तेवीस वर्षांची पोर, मनगटावर कोळंबी गोंदलेली,
वकिलासारखी उलटतपासणी घेत बसली.
दिवा किती तास? पाणी कधी बदलता?
दाणे चिमूटभर, की मासे बघतात म्हणून आणखी थोडे?
गॅसचे बुडबुडे रोज सारखे, की आठवेल तेव्हा?
एकेका उत्तरासरशी माझी टोपी
हातात चुरगळत गेली.
"शेवाळ उरल्यासुरल्यावर जगतं," ती म्हणाली.
"झाडं पोटभर जेवली
तर त्याच्या पानात काही पडत नाही."
तीन दिवस मिट्ट अंधार. मग दिवसाला सहा तास.
दर आठवड्याला निम्मं पाणी नवं.
भरभर वाढणारी चार झुडपं तिने पिशवीत बांधून दिली,
चार गोगलगायी, आठ कोळंब्या.

सहा तास. हे आइलाला कसं सांगायचं
या विचारात मी उतरायचा थांबा चुकलो.

तिने ऐकून घेतलं. उठली,
कपाटातून आमच्या लग्नातलं लोकरीचं पांघरूण काढलं
आणि टाकीला गुंडाळलं,
कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे लावून.

तीन दिवस आम्ही स्वयंपाकघरात. कॉफी, पत्ते.
भिंतीपलीकडे पंपाची घरघर.
दुसऱ्या रात्री तिने विचारलं,
"सकाळ का होत नाही, हे कळत असेल त्यांना?"
मासे झोपतात, मी म्हणालो.
"आणि झाडं?"
मला उत्तर सुचेपर्यंत
तिने किलवरची राणी टाकली आणि डाव नेला.

चौथ्या दिवशी पांघरूण निघालं.
मेलेलं शेवाळ करडं, लोंबतं.
टूथब्रशला गुंडाळून काढलं, शेवयांसारखं.
काच खरवडायला गिरणीचं जुनं ओळखपत्र घेतलं,
त्यावरचा तिशीतला मी हिरवा झालो.
दाढीवर सुईने पेरॉक्साइड सोडलं,
ती आधी गुलाबी झाली, मग पांढरी,
आणि मग कोळंब्या जेवायला बसल्या.

तास आइलानेच ठरवले: दुपारी तीन ते नऊ.
"सकाळचं माझं मी बघते."
अकराला बूट चढवून ती धक्क्यापर्यंत जाते,
गोठलेल्या समुद्रावरचा तेवढा उजेड घेऊन येते.
काही दिवस जात नाही. पडून राहते, भिंतीकडे तोंड करून.
त्या दिवशीही मी दिव्याला हात लावत नाही.
एकदा लावला होता, तिनेच उठून विझवला.

शेवाळ सगळं गेलंय, असं म्हणणार नाही.
मागच्या दगडाच्या पाठीवर तळहाताएवढं आहे.
एक गोगलगाय आठवडाभर तिथेच चरते,
आणि काचेवर ठेवून जाते पांढरी, तिळाएवढी अंडी,
जी गोड्या पाण्यात कधीच फुटत नाहीत.
ती मी खरवडत नाही.

तीन वाजता टायमर टक् करतो.
आतल्या खोलीतून
खुर्ची ओढल्याचा आवाज.