येणे बाकी

बेलार्ड पिअरच्या मागच्या गल्लीत आमची पेढी.
दोर, रंग, कांदे, केरोसीन
आणि परदेशी बोटींना लागतील ते झेंडे.
झेंडे शिवायचे परकारचाचा, माझगावात, पोटमाळ्यावर.

त्या वर्षी इंदिरा डॉकात एक बोट
साडेपाच महिने पडून होती.
कप्तान आला, टोपी काढून बसला, म्हणाला,
नवा झेंडा हवा.
मी विचारलं, कुठला?
तो पंख्याकडे बघत राहिला.

बोटीवर बावीस माणसं, आता चार देशांची.
आचारी आणि इंजिनवाला एकाच आळीतले,
त्या आळीत आता चौकी.

चहा मागवला. तो निवेपर्यंत बोलत होता.

"डोंगरातलं पहिलं ठाणं पडलं, तेव्हा रेडिओ म्हणाला,
ही माघार नाही, फेररचना आहे.
फेररचना करत करत फौज नदीपर्यंत आली.
सेनापतीला बढती मिळाली.
शवपेट्या रात्रीच्या गाडीनं यायच्या,
दक्षिणेच्या स्टेशनांवर जास्त उतरायच्या.
लोक मोजायला लागले.
सभागृहात कुणी आकडा विचारला,
तर त्याचा बाकच उचलून नेला.
मग एका प्रांतानं आपली पोरं परत बोलावली.
बंदुका घेऊन या, म्हणाले.
पोरं गेली.
माझा धाकटाही."

परकारचाचांनी जुना झेंडा मांडीवर घेतला,
अंगठा फिरवला.
"शिवण शाबूत आहे, साहेब. दुहेरी दोरा आहे.
शिवणीला लागून फाटलंय.
वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यावर ताण,
गाठ कुणी सैल केली नाही."
कप्तानाला हिंदी कळत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

मला आठवले एकाहत्तरचे
खिडक्यांच्या काचांवरचे खाकी कागद.
शेजारचा देश दुभंगला त्या संध्याकाळी
चाळीत पेढे वाटले होते,
मी दोन खाल्ले.
कप्तानासमोर ती चव जिभेवर यावी,
हे काही बरं वाटलं नाही.

झेंडा त्यानं घेतलाच नाही.
चाळीस किलो कांदे नेले, दोराचं एक भेंडोळं, उधारीवर.
खाली सही केली, गोल शिक्का मारला,
शिक्क्यावर गरुड, कडेनं देशाचं पूर्ण नाव.

बोट पुढे दारूखान्यात तुटली.
पत्रा भावानं गेला.

खतावणी अजून माझ्याकडे आहे.
दर मार्चअखेर मालक म्हणतात,
बुडीत खात्यात टाका ना ते.
मी मान हलवतो
आणि तो आकडा पुढच्या पानावर ओढतो.