पंधरा किलो

गॅरेजमधल्या पिशवीचं तोंड उघडलं
तर आतून एक पाकोळी उडाली,
राखाडी, नखाएवढी, पंखांच्या टोकाला तांबूस,
आणि मी मूर्खासारखी तिला म्हणाले, सॉरी.

मग हात घातला.
पेलेट्स एकमेकांना धरूनच वर आले,
कोळ्याच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या रेशमाने बांधलेले,
आणि त्या रेशमात
भिजल्या साबुदाण्याच्या रंगाच्या,
तपकिरी डोक्याच्या,
कुठेही जायची घाई नसलेल्या अळ्या.

पंधरा किलोची पिशवी. स्वस्त पडते म्हणून घेतलेली.
सशाचं वजन पावणेदोन किलो.
हा हिशोब मला सप्टेंबरातच यायला हवा होता,
पण तेव्हा ऋजुता घरात होती,
आणि घरात माणूस असलं की
पंधरा किलो फार वाटत नाही.

लीड्सहून ती फोनवर ओरडली,
"ई! आई, सगळं फेकून दे. सगळं म्हणजे सगळं.
वाटाण्याला यातलं काही घातलं नाहीस ना?"
घातलं होतं. काल रात्री,
गॅरेजचा दिवा गेलेला, अंदाजाने एक मूठ.
नाही गं, म्हणाले.
वाटाणा कोपऱ्यात गवत चघळत होता,
माझ्याकडे न बघता.
साक्षीदार असावा तर असा.

दुकानातल्या कीथने डबीतली अळी पाहिली,
चष्मा कपाळावर चढवला, आणि अडखळला.
"हिला, म्हणजे, इंडियन मील मॉथ म्हणतात."
मग घाईघाईने,
"तुमच्याकडची नाही हो! तो मक्याच्या पिठावरून पडलेला शब्द,
अमेरिकेतला, जुना."
अठ्ठावीस वर्षं केटरिंगमध्ये औषधं मोजून देते मी,
याच्या बायकोच्या गोळ्या तर पाठ आहेत मला,
आणि हा बिचारा
एका अळीच्या आडनावावरून कानापर्यंत लाल.

चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणाला, मरतात.
नाहीतर नवीन घ्या. छोटी.

बार्शीला बाबांच्या दुकानात
तुरीत सोंडे निघाले की बाबा गिऱ्हाइकाला सांगत,
"किड्याला कळतं चांगलं काय ते.
ज्याला किडा शिवत नाही, ते माणसानं का खावं?"
गिऱ्हाईक हसायचं
आणि समोरच्या दुकानात जायचं.

रविवारी परसात जुनी चादर अंथरली,
पिठाची चाळण घेतली, बसले.
मार्चचं ऊन. ऊनच म्हणायचं, दुसरा शब्द नाही.
चाळ, झटक, फुंकर.
खाली भुसा, वर गोळे, मध्ये वळवळ.
कुंपणावर एक रॉबिन येऊन बसला,
मग चादरीवर,
मग अगदी माझ्या चपलेपाशी,
आणि टिपायला लागला, एकेक,
बिल न मागता.

तीन किलो झाले तेव्हा लक्षात आलं,
मी निवडत नाहीये.
मी रविवार घालवतेय.

उरलेले बारा काळ्या पिशवीत बांधले, दोन गाठी.
चाळलेले तीन फ्रीझरमध्ये,
मटार आणि ऋजुतासाठी ठेवलेल्या पुरणपोळ्या, यांच्या मधोमध.
चार दिवसांनी बाहेर काढले, हुंगले,
आणि तेही टाकले.
का, ते विचारू नका.
डबा उकळत्या पाण्याने धुतला, उन्हात पालथा घातला,
नवी पिशवी आणली, दीड किलोची,
हातात धरली तर काहीच नाही धरल्यासारखी.

काल रात्री, तीन आठवड्यांनी,
गॅरेजच्या फळीवर, स्क्रूच्या रिकाम्या भोकात
एक पांढरा ठिपका दिसला. नवा दिवा फार स्वच्छ दाखवतो.
व्हिनेगरचं फडकं हातात होतं, टाचणीही.
जवळ गेले तर आत
काहीतरी कुशीवर वळलं.

मागे वाटाण्याने पाय आपटला, दोनदा, जोरात.
ससे असे आपटतात, धोका दिसला की.
किंवा जेवायला उशीर झाला की.