प्लॉट नंबर सतरा

हतनूरच्या फुगवट्याकाठी चुन्याच्या रेघा,
त्यांतली सतरा नंबरची आमची होऊ घातलेली.
उल्हास झोपे बॉनेटवर नकाशा पसरतो,
वाऱ्यानं उडू नये म्हणून वर केळ्यांची फणी.
"ताई, पाच वर्षांत तिप्पट.
रिसॉर्ट येतंय, बोटिंग येतंय."
मी विचारते, रात्री कसं असतं इथं?
"गेट आहे, कॅमेरा आहे."
कॅमेऱ्याची वायर खांबावरून उतरते
आणि गवतात संपते.

हे भुसावळला चौतीस वर्षं गार्ड,
खात्री झाल्याशिवाय हिरवा कंदील दाखवला नाही कधी.
आज नुसतं पाकीट चाचपतात.

राखणदार सुपडू कोळी चहा आणतो.
त्यालाही तेच विचारते, हळूच.
"चोर नाही येत, माय.
पानी येतं. पन सांगून येतं, भोंगा वाजतो."
कुठपर्यंत?
तो बोट दाखवत नाही,
बाभळीच्या बुंध्याकडे बघत राहतो:
माझ्या खांद्याइतक्या उंचीवर
वाळलेल्या गाळाची रेघ,
चुन्याच्या रेघांपेक्षा सरळ.

ह्यांनी अकरा हजार टोकन दिलं.

परतताना बामणोदला थांबलो,
भरिताची वांगी घेतली दोन किलो.
ती मात्र ह्यांनी
एकेक दाबून पाहिली.