दुसऱ्या डोळ्याचे पैसे

मुर्तझाभाई कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवतो.
इंदूर, सिल्व्हर मॉल, दुपारचे तीन.
काचेखाली ओळीनं निजलेली कार्डं,
कुणाला दोन पंखे, कुणाला तीन,
आणि दुकानाचा एकुलता एक पंखा बंद.

"नुसता गेम खेळायचा तर हे आठ जीबीचं पुष्कळ झालं.
पण तुम्हाला हेडसेट लावायचाय, भिया.
तिथे प्रत्येक चित्र दोनदा काढावं लागतं,
एक उजव्या डोळ्याचं, एक डाव्याचं,
सेकंदाला नव्वद वेळा.
जरा अडखळलं की डोकं गरगरतं,
सकाळचे पोहे बाहेर."

मी मान डोलावतो.
माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे
हे याला सांगावं का?

दिसायला धड आहे तो. बुबुळ जागच्या जागी.
सातव्या वर्षी एमवायच्या डॉक्टरीणबाईंनी
उजव्यावर पट्टी बांधायला सांगितली होती,
म्हणजे डावा कामाला लागेल.
संक्रांत जवळ आली होती.
मी गच्चीवर जाऊन पट्टी खिशात घालायचो.
तेव्हापासून घरचं सगळं उजवाच बघतो,
डावा नुसता जेवायला असतो.

म्हणून चहा ओतताना कपाची कड चुकते.
फेकलेली किल्ली झेलता येत नाही.
सुईत दोरा मृदुला ओवते.

सांगून टाकलं.
मुर्तझाभाई हसला नाही.
त्यानं कॅल्क्युलेटर पुन्हा स्वतःकडे वळवला,
थोडा वेळ बोट शून्यावर ठेवून म्हणाला,
"मग तुमचे अर्धे पैसे तर फुकटच जाणार."
आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा. बघा तरी."

आत एक दगडी पूल होता.
पहिल्यांदा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा, सपाट.
वाटलं, झालं, उठावं.
मग सवयीनं मान जराशी हलवली
आणि जवळचा खांब झर्रकन सरकला,
मागचं झाड सावकाश,
डोंगर जवळजवळ नाहीच.

अरे, हे तर मला येतं!
चाळीस वर्षं हेच करत आलोय,
मान इकडेतिकडे करून
जगाला विचारून घ्यायचं, तू किती लांब आहेस.
महूच्या बसमधून, बँकेच्या काउंटरवरून,
लग्नात अक्षता टाकतानासुद्धा.
लोकांना वाटतं, माणूस अस्वस्थ आहे.

म्हणजे नव्वद तर मला हवेतच.
दोन डोळेवाल्यांचं एखादं चित्र चुकलं तर चालेल,
मी विचारलं की उत्तर तिथल्या तिथे यायला हवं.

उठण्याआधी, कुणाला कळणार होतं,
उजवा डोळा मिटून घेतला.

पूल होता.
पाण्याखालून पाहावा तसा, कडा विरलेल्या,
पण होता.
दगडावरचं शेवाळ, कठड्याची सावली,
सगळं डाव्यासाठीही काढलेलं,
तितक्याच मेहनतीनं,
त्याच्याकडून काहीही अपेक्षा नसलेल्या कुणीतरी.

"झालं का? मागे गिऱ्हाईक आहे."

बारा जीबीचं घेतलं. दोन हजार कमी करून घेतले,
जुन्या, खाणीत राबलेल्या कार्डाला नाही म्हटलं.
बिल होईपर्यंत खिशातली चिठ्ठी काढली:
मृदुलानं शिलाईच्या टेपनं मोजलेला कॅबिनेट,
आतून सव्वीस, तिच्या गोल अक्षरात.
खोक्यावर लिहिलंय एकोणतीस.

मुर्तझाभाईनं चिठ्ठी पाहिली, खोकं पाहिलं,
मग माझ्याकडे पाहिलं.
मी मान जराशी हलवून
पुन्हा एकदा अंदाज घेतला.